लिंबाचे मफिन : एका पाककृतीचे शास्त्र व इतिहास

पाककृतीसारखा विषय शाळेच्या वार्षिक अंकात यावा, हे काही वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. स्वयंपाक ही घरात शिकावयाची गोष्ट आणि रसायनशास्त्र ही शाळेत शिकावयाची, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली आहे. इतिहास तर त्याहून दूरचा, तो पुस्तकात राहणारा. परंतु एखादा साधा पदार्थ हाती घेऊन त्याची चौकशी करू लागले की ही वाटणी टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. या लेखासाठी आम्ही लिंबाचे मफिन, म्हणजे वाटीएवढा लहान, लिंबाच्या स्वादाचा व वर साखरेचा पातळ लेप दिलेला केक, हा पदार्थ निवडला आहे. पदार्थ परका वाटला तरी त्याला लागणारे लिंबू, दही, साखर आणि सोडा या चारही वस्तू बोरगावच्या कोणत्याही घरात सापडतात. त्या एकत्र आल्यावर काय घडते व का घडते, हे समजून घेणे हा आमचा हेतू आहे.

भाजणे : आपल्याकडील परंपरा

आपल्या भाषेत अन्न शिजविण्याची क्रियापदे विपुल आहेत. उकडणे, वाफवणे, तळणे, परतणे, खरपूस करणे, शेकणे, भाजणे या प्रत्येकाचा अर्थ निराळा आणि प्रत्येकासाठी भांडेही निराळे. मात्र बंद पोकळीत चहूबाजूंनी कोरडी उष्णता देऊन पदार्थ तयार करणे या क्रियेला आपण वेगळे नाव दिले नाही. भाकरी तव्यावर भाजतात, वांगे निखाऱ्यावर भाजतात आणि केकही भाजतात; एकाच शब्दावर आपण तिन्ही कामे भागवितो.

शब्द नाही म्हणून क्रिया नव्हती, असे मात्र नाही. आमचे घरचे बोलणे कोकणी. कोकणात व गोव्यात मोठी जून काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे घालून एक पदार्थ करतात. गोव्याकडे त्यास तवसळी म्हणतात, रत्नागिरीकडे धोंडस. तो करण्याची जुनी रीत अशी की जाड बुडाचे पातेले मंद विस्तवावर ठेवावयाचे आणि वरच्या झाकणावरही निखारे पसरावयाचे. खालून व वरून सारखीच आच लागून पदार्थ दोन्हीकडून तांबूस होतो. विजेची भट्टी आज जे काम करते, तेच काम निखाऱ्यांचे हे झाकण करीत असे. आपल्या बेळगावचे मांडे घ्या. अत्यंत पातळ पोळी पालथ्या घातलेल्या खापरावर पसरून भाजावयाची, ही कला या जिल्ह्याच्या नावाशीच जोडली गेली आहे. तेव्हा भाजण्याची विद्या आपणास परकी नाही. परके आहे ते पीठ फुगविण्याचे एक विशिष्ट तंत्र, आणि त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

पाव, बिस्कीट आणि पंगत

तत्पूर्वी थोडा इतिहास पाहणे इष्ट होईल. 'पाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. गोव्यात घरोघर पाव पोचविणाऱ्यास 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दाचाच कोकणी अवतार होय. सासष्टीतील माजोर्डा गावचे लोक पाव भाजण्यात प्रथम तरबेज झाले, असे गोव्यात परंपरेने सांगतात. युरोपातील खमीर तेथे सहज मिळेना, म्हणून माडाची सूर वापरून पीठ आंबविण्याची युक्ती त्या मंडळींनी योजिली. नारळाच्या प्रदेशात आलेल्या परदेशी पदार्थाने नारळाच्याच झाडाचा आश्रय घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु हा पाव मराठी समाजात सुखासुखी शिरला नाही. तो कोणी भाजला आणि कोणाच्या हाताचे पाणी त्यास लागले, या प्रश्नाने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मोठमोठी माणसे अडचणीत आली. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हा तिचा एक प्रमुख उद्देश. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावयाचा, हीच त्याची कसोटी होती. आज आपण चहाबरोबर सहज तोंडात टाकतो त्या तुकड्यासाठी त्या काळी मन घट्ट करावे लागे, आणि म्हणून सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे १८६७ साली आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यात जुन्या सभेतील काही मंडळी होती.

दुसरा प्रसंग पुण्याचा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलाविण्यात आले. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटे समोर आली. काहींनी ती घेतली, काहींनी नुसता कपाला हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि गावात वादळ उठले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि मंडळींपुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. एरवी अनेक बाबतींत परस्परविरोधी मते असलेले हे दोन थोर पुरुष एका चहाच्या पेल्याने एकाच पंक्तीत आणून बसविले.

या दोन प्रसंगांचा आमच्या विषयाशी संबंध आहे, तो असा. पदार्थ रुचकर होणे ही पाककृतीची एक कसोटी झाली. तो किती जणांना एकत्र बसून खाता येतो, ही दुसरी. आपल्या सीमाभागातील वर्गात मराठी, कन्नड, उर्दू व कोकणी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांत जैन घरची मुले असतात, लिंगायत घरची असतात, अंडे चालणारी असतात व न चालणारीही असतात. आपला डबा दुसऱ्यापुढे करताना मूल क्षणभर थांबते, आणि डबा पुढे आलेले मूलही क्षणभर थांबते. हे थांबणे नाहीसे करता येईल अशी पाककृती असेल, तर ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. म्हणून पुढे दिलेली कृती अंड्यावाचून होणारी आहे.

पीठ फुगते कसे?

ओले पीठ फुगवावयाचे म्हणजे त्यात वायूचे असंख्य लहान बुडबुडे निर्माण करून, ते फुटण्यापूर्वी भोवतालचे पीठ शिजवून घट्ट करावयाचे. बुडबुडे आणण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग खमिराचा. खमिरातील सूक्ष्म जीव पिठातील साखर खाऊन कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायॉक्साइड वायू सोडतात. आंबण्याची क्रिया जिवंत सूक्ष्म जीवांमुळे घडते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनाने दाखवून दिले. आपली इडली व आंबोळी फुगते तीही सूक्ष्म जीवांच्याच कृपेने. हा मार्ग उत्तम, परंतु त्यास तास न् तास लागतात.

दुसरा मार्ग अंड्याचा. अंडे घोटले की त्यात हवा कोंडली जाते, आणि उष्णतेने अंडे घट्ट होऊन ती हवा जागच्या जागी धरून ठेवते.

तिसरा मार्ग खाण्याच्या सोड्याचा. सोडा हा अल्कधर्मी पदार्थ. त्यास आंबट पदार्थ भेटला की तत्काळ कर्बद्विप्राणिल वायू सुटतो. या मार्गाला सूक्ष्म जीव नको, अंडे नको, रात्रभर वाट पाहणेही नको. याच तत्त्वावर इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. तिचे कारण मोठे हृद्य आहे. त्यांच्या पत्नीस खमीर व अंडी दोन्ही सोसत नसत; तिला पाव खाता यावा म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. एका घरातील एका व्यक्तीसाठी काढलेली तोड आज जगभर वापरली जाते. बेकिंग पावडरीत सोडा, एखादे कोरडे आम्लधर्मी क्षार व दोहोंना परस्परांपासून अलग ठेवणारा थोडा स्टार्च एवढेच असते. पाणी व उष्णता लागेपर्यंत ती निजून राहते.

मफिन हा पदार्थ या तिसऱ्या मार्गाचा होय. येथे एक खुलासा केला पाहिजे. इंग्लंडात जुन्या काळापासून मफिन म्हणतात तो खमीर घालून तव्यावर भाजलेला चपटा पाव. सोड्याने फुगविलेला, साच्यात भाजलेला, केकासारखा मफिन अमेरिकेत रूढ झाला आणि आपल्याकडे तोच आला.

लिंबू आणि सोडा यांचा हिशेब

लिंबूवर्गीय फळांचे मूळ स्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात असावे, असे संशोधक मानतात. इंग्रजी 'लेमन' व पोर्तुगीज 'लिमाओं' हे शब्द अरबी व फारसीतून युरोपात गेले, आणि त्यांचे नाते भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'निंबू'शी जोडतात. कन्नडमध्ये निंबे, मराठीत लिंबू. सीमेच्या दोन्ही बाजूंस शब्द जवळजवळ तोच. आपल्याच राज्यातील विजयपूर जिल्ह्यातील इंडी तालुका लिंबांसाठी प्रसिद्ध असून तेथील लिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

परदेशी कृतींत जे लिंबू सांगतात ते जाड सालीचे व आकाराने मोठे असते. आपले कागदी लिंबू लहान, पातळ सालीचे व अधिक आंबट. या आंबटपणाचे कारण सायट्रिक आम्ल. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७८४ साली लिंबाच्या रसातूनच ते प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. कागदी लिंबाच्या रसात हे आम्ल साधारणतः शेकडा ६ ते ७ इतके असते.

आता वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पाटी हाती घ्यावी. सायट्रिक आम्लाचा एक रेणू सोड्याच्या तीन रेणूंचे समाधान करतो. सोड्याचा रेणुभार ८४, सायट्रिक आम्लाचा १९२. म्हणजे २५२ ग्रॅम सोड्यास १९२ ग्रॅम आम्ल लागते. अर्धा चहाचा चमचा सोडा सुमारे २.५ ग्रॅम भरतो. त्यास त्रैराशिकाने सुमारे १.९ ग्रॅम आम्ल हवे. ३० मिलिलिटर लिंबाच्या रसात साधारण तेवढेच आम्ल असते. दोन मोठे चमचे रस आणि अर्धा लहान चमचा सोडा हे प्रमाण म्हणूनच योग्य ठरते.

यातून वायू किती निघतो, हेही काढता येते. २.५ ग्रॅम सोडा म्हणजे सुमारे ०.०३ मोल, त्यातून तितकेच मोल वायू सुटतो, आणि त्याचे आकारमान अर्ध्या लिटरपेक्षा अधिक, पाऊण लिटरच्या आतबाहेर भरते. चिमूटभर पांढऱ्या पुडीत एवढा श्वास साठविलेला असतो! अर्थात हा सर्व वायू पिठात टिकत नाही. बराचसा ढवळताना व भाजताना निसटतो. म्हणून जोडीला थोडी बेकिंग पावडर घालतात.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि तोच या कृतीचे मर्म आहे. पिठात घातलेल्या लिंबाच्या रसाचा आंबटपणा सोड्याशी झालेल्या संयोगात बहुतांशी खर्ची पडतो. रस फुगविण्याचे काम करतो आणि चवीतून नाहीसा होतो. मग लिंबाची चव यावी कोठून? ती दोन ठिकाणांहून येते. सुवास सालीतून येतो, आंबटपणा वरच्या लेपातून. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. लिंबाचा खरा गंध त्या तेलात आहे. त्याखालचा पांढरा थर मात्र कडू असतो. पुष्कळ लोक रस अधिकाधिक घालून पाहतात व तरीही स्वाद येत नाही म्हणून निराश होतात. त्यांनी रस वाढविण्याऐवजी साल किसावी.

साहित्य व कृती

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या ग्रंथाने वाटी-चमच्याची मापे घरोघर नेली. आमटी-भाजीस ती पुरेशी आहेत. परंतु घरोघरच्या वाट्या लहानमोठ्या असतात, आणि येथे प्रमाण चुकले तर मागाहून दुरुस्त करता येत नाही. म्हणून आम्ही वजने देतो. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा चहाचा चमचा समजावा. पुढील साहित्यात १२ मफिन होतात.

मैदा २५० ग्रॅम. पिठीसाखर १५० ग्रॅम. ताजे, फार आंबट नसलेले दही २०० ग्रॅम. वास नसलेले गोडे तेल १०० मिलिलिटर. दूध ६० मिलिलिटर. लिंबाचा रस ३० मिलिलिटर. तीन लिंबांची किसलेली साल. बेकिंग पावडर सव्वा चमचा. खाण्याचा सोडा अर्धा चमचा. मीठ पाव चमचा. लेपासाठी पिठीसाखर १०० ग्रॅम व लिंबाचा रस ४ ते ५ चमचे. एकूण पाच रसदार लिंबे पुरतात.

प्रथम लिंबे धुऊन पुसावीत आणि चिरण्यापूर्वीच बारीक किसणीवर अलगद फिरवून साल काढावी. चिरलेले लिंबू किसता येत नाही, ही गोष्ट सुगरणीस सांगावयास नको. पण मुलांना सांगावी लागते. ही साल साखरेत घालून बोटांनी चोळावी. साखरेच्या कणांनी तेलाच्या पिशव्या फुटतात व साखर सुगंधी होते.

मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ एकत्र करून दोनदा चाळावे, म्हणजे सोडा सर्वत्र सारखा पसरतो. दुसऱ्या पातेल्यात दही, तेल, दूध व सुगंधी साखर एकजीव करावी. भट्टी आधीच १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावी. साच्यांना तुपाचा हात लावून मैदा भुरभुरावा. मफिनचे साचे नसतील तर लहान स्टीलच्या वाट्या चालतात.

सर्व तयारी झाल्यावरच दह्याच्या मिश्रणात लिंबाचा रस घालावा, चाळलेला मैदा त्यात टाकावा आणि पळीने खालवर करून हलक्या हाताने मिसळावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतील. येथे मांड्यांची आठवण ठेवावी. मांड्यांसाठी कणीक मळून मळून, तिंबून तिंबून लवचिक करतात, कारण गव्हातील प्रथिनांचे धागे जुळून ती ताणली जावी हाच हेतू असतो. येथे हेतू नेमका उलटा आहे. धागे जुळले तर मफिन चिवट होते. गहू एकच, परंतु एके ठिकाणी हाताने झटावे लागते आणि दुसरे ठिकाणी हात आवरावा लागतो.

लिंबू व सोडा यांची भेट होताच वायू सुटू लागतो. मिश्रण वाट पाहत नाही. तेव्हा लगेच साचे दोन-तृतीयांश भरून भट्टीत ठेवावेत. २० ते २२ मिनिटांत मफिन तयार होतात. मधोमध सुरीचे टोक खुपसून पाहावे. ते कोरडे निघाले म्हणजे झाले.

ज्या घरी भट्टी नाही त्यांनी जाड लोखंडी कढईत बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे, नंतर वाट्या तिवईवर ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. पहिली २० मिनिटे झाकण उघडू नये. तापलेल्या कढईपाशी लहान मुलांनी मोठ्यांवाचून जाऊ नये, हे निराळे सांगणे नलगे.

भट्टीच्या आत काय घडते, तेही पाहू. उष्णतेने वायूचे बुडबुडे प्रसरण पावतात, पाण्याची वाफ त्यांस साहाय्य करते आणि पीठ वर चढते. मग मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिने घट्ट होतात आणि बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या बनतात. भट्टी १८० अंशांवर असली तरी मफिनच्या आत पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. पृष्ठभाग मात्र कोरडा पडून त्याहून पुष्कळ अधिक तापतो. म्हणून आतील भाग पांढरा व मऊ राहतो, आणि वरचा तेवढा तांबूस व खमंग होतो.

साखरेचा लेप

साखरेचा लेप देणे आपल्याला नवे नाही. पाकातले चिरोटे कोणास ठाऊक नाहीत? मालवणच्या जत्रेतील खाजे बेसनाच्या कांड्यांवर आल्याच्या गुळाचा लेप चढवूनच होते. फरक इतकाच की तेथे पाक शिजवितात आणि येथे तो कच्चाच ठेवतात.

पिठीसाखर वस्त्रगाळ करून तीत लिंबाचा रस एकेक चमचा घालीत घोटावे. पळीवरून जाड धारेने पडेल इतपत ते दाट असावे. या दाटपणाचेही शास्त्र आहे. साध्या तापमानास १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेव्हा २० मिलिलिटर रसात ४० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळेल आणि उरलेली अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहील. हे न विरघळलेले कणच लेपाला दुधासारखी शुभ्रता देतात. रस एक चमचा जास्त झाला की अधिक साखर विरघळते, लेप पातळ होतो आणि ओघळून जातो.

लेप केव्हा द्यावा, हे आपल्या इच्छेवर आहे. मफिन गरम असताना त्यास सुईने टोचे मारून दिल्यास रस आत मुरतो व लेप पारदर्शक होतो. पूर्ण निवाल्यावर दिल्यास तो वरच राहून अर्ध्यापाऊण तासात पांढऱ्या कवचासारखा वाळतो. या लेपातील लिंबाच्या रसाला सोडा भेटलेला नसतो. त्यामुळे त्याचा आंबटपणा अबाधित राहतो. लेप ही शोभेची वस्तू आहे अशी समजूत आढळते, पण त्यावाचून हे मफिन लिंबाचे उरणार नाही.

दोष व त्यांची कारणे

मफिन मध्यभागी खचले तर एकतर ते अपुरे भाजले, किंवा भट्टी मध्येच उघडली, किंवा सोडा प्रमाणाबाहेर झाला. आत लांबट बोगदे दिसले तर मिश्रण फार घोटले गेले. चव साबणासारखी लागली व आतील रंग पिवळट झाला तर सोडा उरला असे समजावे. आम्ल न मिळालेला सोडा उष्णतेने धुण्याच्या सोड्यात रूपांतरित होतो, त्याची ती चव. कडवटपणा आला तर सालीबरोबर पांढरा थर किसला गेला. मफिन चपटे राहिले तर मिश्रण कालवून ते बराच वेळ तसेच ठेवले होते. प्रत्येक दोषामागे एक कारण असते, आणि कारण सापडले की दोष पुन्हा होत नाही. 'माझ्या हाताला यश नाही' असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोडून द्यावा असे आम्ही सुचवितो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे. वरील हिशेबाने प्रत्येक मफिनमध्ये सुमारे २१ ग्रॅम साखर जाते, म्हणजे साधारण पाच चमचे. प्रौढ माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक उत्तम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपण उसाच्या मुलखात राहतो, म्हणून साखरेविषयी आपला हात सैल असतो. हा पदार्थ सणासुदीचा, रोजचा नव्हे.

उपसंहार

एका मफिनच्या निमित्ताने आपण बरेच फिरून आलो. सासष्टीतील पोदेर, मुंबईची गुप्त सभा, पुण्याचा चहाचा पेला, बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आणि विजयपूरची लिंबे, या सर्वांचा धागा एकाच भांड्यात येऊन मिळाला. विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात, अशी आमची अपेक्षा आहे.

पहिली ही की स्वयंपाकघर हीसुद्धा प्रयोगशाळा आहे, आणि ती मुलींइतकीच मुलांचीही आहे. ज्याने सोड्याचा व आम्लाचा हिशेब वहीत सोडविला आहे, त्याने तो एकदा पातेल्यातही सोडवून पाहावा. म्हणजे समीकरण त्याच्या कायमचे ध्यानात राहील. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हा हिशेब आकडे न मांडता आयुष्यभर करीत आल्या आहेत, हेही त्यास उमगेल. दही किती आंबट झाले आहे हे पाहून त्या सोडा कमीअधिक करतात, तेव्हा त्यांच्या बोटांत रसायनशास्त्रच असते.

दुसरी गोष्ट पंगतीची. परमहंस सभेच्या मंडळींना पावाचा एक घास दाराला कडी लावून खावा लागला. त्यांनी तो खाल्ला म्हणून आज आपणास दारे उघडी ठेवून, कोणी भाजला हे न विचारता, एका ताटात हात घालता येतो. ही मोकळीक आपणास आयती मिळाली आहे. ती सांभाळणे मात्र आपले काम आहे. स्नेहसंमेलनास किंवा वर्गातील सहलीस बारा मफिन करून न्यावीत, आणि शेजारच्या बाकावरील मुलापुढे डबा धरावा. त्यात अंडे आहे का, असे त्याने विचारल्यास रागावू नये. नाही, असे शांतपणे सांगावे, आणि ते कशाने फुगले हेही त्यास समजावून द्यावे.